हनुवटीवरचे केस आणि सहा हजारांचं मशीन

गुरुवारची दुपार आहे, जेवणं आटोपली असतील. भांडी पडली असतील तर पडू देत अर्धा तास. घरात पुरुषमाणूस बसलेला असेल तर रेडिओ घेऊन आतल्या खोलीत या. किंवा नका येऊ, त्यांनीही ऐकलं तर काही बिघडत नाही. आजचा विषय केसांचा आहे. डोक्यावरच्या नव्हे, बाकीच्या.

गेल्या महिन्यात आपल्या केंद्राच्या पत्रपेटीत एक चिठ्ठी आली. वहीचं पान फाडून लिहिलेली. 'ताई, मोबाईलवर लाईट मारून केस घालवायचं मशीन दाखवतात. माझ्या हनुवटीला केस येतात. ते मशीन घेऊ का? माझं नाव सांगू नका.' गंमत म्हणजे चिठ्ठीत नाव लिहिलेलंच नव्हतं, तरी 'सांगू नका' एवढं मात्र लिहिलं होतं.

ती चिठ्ठी वाचून आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. कारण तसलं मशीन आमच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, आता कपाटात जुन्या कॅसेटींच्या मागे पडलेलं. इतके दिवस या कार्यक्रमात आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण सांगायची लाज वाटत होती. आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भिशीचे पैसे होते. चौघींनी सतराशे-सतराशे घातले आणि सहा हजार आठशेचं मशीन मागवलं. मोठ्या कंपन्यांची अशी मशीनं पंचवीस-तीस हजारांची असतात, आमचं त्यातलं नव्हतं. जाहिरातीत एक बाई होती, गोरीपान, तिच्या पायावर आधीच एक केस नव्हता आणि ती त्याच पायावरून मशीन फिरवत होती. खाली लिहिलेलं, 'बारा आठवड्यांत केसांपासून कायमची सुटका.' हिशेब आम्ही लगेच केला. पार्लरला एका वेळचं वॅक्सिंग इतके रुपये, वर्षाचे इतके, चौघींचे इतके. दीड वर्षात मशीन फिटतं! भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आम्ही, 'कायमची' या शब्दाची किंमत मात्र कुणी विचारली नाही.

आधी ते मशीन करतं काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मे महिन्यात दुपारी अनवाणी डांबरी रस्त्यावर पाय ठेवून बघा आणि मग शेजारच्या पांढऱ्या मातीवर. ऊन तेच, पण डांबर भाजतं. काळी वस्तू उजेड जास्त पिते आणि त्याची उष्णता होते. या मशीनमध्ये जोरदार प्रकाशाचा एक लखलखाट होतो. फोटोच्या फ्लॅशसारखा, पण त्याहून पुष्कळ तीव्र. त्याला आयपीएल म्हणतात. तो उजेड कातडीतून आत जातो, केसातला काळा रंग तो शोषून घेतो, केस तापतो आणि ती आच मुळापर्यंत पोहोचून मूळ दुबळं होतं. नेमक्या रंगाला नेमकी उष्णता द्यायची ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९८३ साली मांडली. दवाखान्यातलं लेझर त्याच तत्त्वावर चालतं. घरच्या मशीनची ताकद मात्र मुद्दाम कमी ठेवलेली असते, कारण शेजारी डॉक्टर उभा नसतो.

आता यातूनच पुढच्या गोष्टी निघतात, ज्या जाहिरातीत सांगत नाहीत. पांढऱ्या केसात काळा रंगच नाही, म्हणजे तिथे मशीन नुसतं दिवाळी करतं, होत काही नाही. बारीक लव असते ना गालावर, तिच्यातही रंग फारसा नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, केसाला जो रंग काळं करतो तोच रंग आपल्या कातडीतही आहे. उजेडाला काय कळणार, हा रंग केसातला आणि तो कातडीतला? गोऱ्या कातडीत तो सरळ केसाकडे जातो. सावळ्या कातडीत वरचा थरच अर्धा उजेड पिऊन टाकतो. मग केस वाचतो आणि कातडी भाजते.

खोक्यात एक चिठोरं होतं, त्यावर सहा चौकोन छापलेले, फिक्यापासून काळपटापर्यंत. सहाव्यावर फुली. पाचव्यावर काही मशीनांत फुली असते, काहींत 'जपून' असं लिहिलेलं असतं. आम्ही चौघींनी त्या चौकोनांशेजारी आपापला हात ठेवला. एकीचा चौथ्याशी जुळला, दोघींचा पाचव्याशी. चौथी आमच्यातली रोज रानात जाणारी, तिचा कोपराच्या वरचा हात पाचव्याशी आणि खालचा सहाव्याशी. आम्ही हसलो आणि चिठोरं पुन्हा खोक्यात घातलं. पुढे कळलं की ही कातडीच्या रंगांची मोजपट्टी फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी १९७५ साली केली तेव्हा गोऱ्यांचे तेवढे प्रकार तिच्यात होते, आपल्यासारख्यांचे चौकोन मागाहून जोडले. आणि आम्ही हसत होतो.

मशीन वापरायच्या आदल्या दिवशी त्या जागी रेझर फिरवायचा असतो. वॅक्सिंग नाही, दोरा नाही. का, तर उजेड ज्या केसाच्या वाटेने मुळाशी पोहोचायचा तो केसच उपटून टाकला तर तो जाणार कुठून? वर केस दिसायला नको, आत हवा. हे आमच्यातल्या एकीला पटलंच नाही. 'रेझर बाईमाणसाने लावायचा नसतो' म्हणून तिने आधी वॅक्सिंग केलं आणि मग आठ आठवडे इमानेइतबारे उजेड मारला. काही झालं नाही. होणारच नव्हतं.

आम्ही बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर नोंद ठेवली होती. ती आज समोर घेऊन बसलोय. पोस्टात काम करणारी, चौथ्या चौकोनाची, तिने पायांवर दर पंधरा दिवसांनी वापरलं. पाच वेळा झाल्यावर लिहिलंय, 'निम्मे कमी वाटतात, येतात ते बारीक.' पुढे दिवाळी आली, फराळ, पाहुणे, दोन-अडीच महिने मशीनला हात लागला नाही. संक्रांतीला लिहिलंय, 'परत आले. सगळे नाहीत, पण आले.' आमच्या चौघींत सर्वांत चांगला अनुभव हाच. यात मशीनची लबाडी नाही बरं का. केस सगळे एका वेळी वाढत नसतात. एकाच वाफ्यात कुठे कोंब आलेला, कुठे वाढ थांबलेली, कुठे गळून नवं यायची वाट, असं चालू असतं. उजेडाचा मार बसतो तो फक्त वाढीला लागलेल्या केसांना. म्हणून पुन्हा पुन्हा मारावं लागतं आणि कमी झाल्यावरही महिना-दोन महिन्यांनी फेरी चुकवता येत नाही. अमेरिकेत अशा मशीनांना परवानगी देताना सरकारी खातं 'कायमची घट' हा शब्द वापरू देतं. घट. म्हणजे उपचार संपल्यावर परत येणारे केस आधीपेक्षा कमी राहणं. सगळे जाणं नव्हे. आपल्या जाहिरातीत येईपर्यंत त्या 'घट'ची 'सुटका' होते.

आमच्यातली सर्वांत थोरली बावन्न वर्षांची. तिला हनुवटीला चार जाड केस, त्यातले तीन पांढरे. तिने बिचारीने सहा वेळा गॉगल लावून उजेड मारला. तीन होते तसेच आहेत. चौथाही आता पांढरा झाला. वयाने.

रानात जाणारीचं वेगळं झालं. कांद्याच्या काढणीचे दिवस, हात रापलेले. रापलेल्या कातडीवर हे मशीन चालवायचं नसतं, महागड्या मशीनांत तर कातडी ओळखणारा डोळा असतो आणि रंग गडद दिसला की ते पेटतच नाही. आमच्या स्वस्तातल्या मशीनला तो डोळा नव्हता. तिने कोपराखाली दोनदा मारलं आणि 'चरचरतंय' म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी हातावर दोन चौकोन उमटले, मशीनच्या काचेच्या मापाचे. त्यावर कोरफड लावली, चार-पाच महिन्यांत ते विरले. तेव्हाच आम्ही मशीन गुंडाळायला हवं होतं. आम्ही ते कपाटात ठेवलं, एवढंच. आणि कपाटाला कुलूप नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातंय. आमच्यातल्या एकीची भाची तिच्याकडे शिकायला होती. बावीस वर्षांची. तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला केस यायचे, ती दर आठवड्याला दोरा करून यायची. पाहण्याचा कार्यक्रम ठरला होता रविवारी. तिच्या आईने फोनवर सांगितलेलं, 'मावशीला म्हणावं, त्या तोंडाचं काहीतरी कर, त्या लोकांच्या नजरेला यायला नको.' आधीच्या स्थळाकडच्या बाईंनी तिच्या देखत विचारलं होतं, मुलीला मिशा का आहेत म्हणून. पोरीने ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. गुरुवारी रात्री सगळे झोपल्यावर तिने कपाटातून मशीन काढलं आणि मोठ्यात मोठ्या आकड्यावर ठेवून हनुवटीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी फिरवलं. तीन दिवसांपूर्वीच दोरा झालेला. म्हणजे आत केस नाही, सगळा मार कातडीला.

सकाळी ती तोंडाला ओढणी गुंडाळूनच बाहेर आली. मावशीने ओढणी सोडली तर जबड्यावर एकाला एक लागून चौकोन, लालभडक, दोन ठिकाणी फोड. पोरगी एवढंच म्हणाली, 'मावशी, रविवारपर्यंत जाईल ना गं?'

रविवारचा कार्यक्रम 'ताप आलाय' म्हणून पुढे ढकलला. त्या लोकांनी पुन्हा विचारलं नाही. तिच्या आईने आम्हा चौघींशी महिनाभर बोलणं टाकलं, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी आम्ही तिला घेऊन जिल्ह्याच्या गावी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वाटेत एसटीत आम्ही ठरवत होतो, मशीनचं कसं सांगायचं. बाईंनी चेहरा बघितला, भाजल्याचं मलम लिहून दिलं, उन्हात तोंड झाकायला सांगितलं. फोड फोडू नकोस, खपली काढू नकोस, डाग विरायला महिने लागतील, घाई करून गोरं करायची क्रीम लावू नकोस. मशीनबद्दल एक शब्द विचारला नाही. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, 'पाळी दर महिन्याला येते का?'

पोरीने मावशीकडे बघितलं. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येत होती, बारावीपासून. तिच्या आईला ठाऊक होतं, पण 'लग्नानंतर होतं सगळं नीट' म्हणून सोडून दिलेलं. मावशीला ठाऊक नव्हतं. मैत्रिणींनो, आम्ही या माईकवर बसून बायकांच्या आरोग्यावर बोलतो. त्या पोरीच्या हनुवटीकडे आमचं चौघींचं लक्ष गेलेलं होतं. मशीन आलं तेव्हा 'हिलाही उपयोग होईल' असं आम्हीच म्हटलं होतं. पाळीचं एकीनेही विचारलं नव्हतं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉईड, साखर, संप्रेरकं. सोनोग्राफी झाली. पीसीओएस निघालं. हे काही जगावेगळं दुखणं नाही. मूल होण्याच्या वयातल्या दर शंभर बायकांत दहाएक जणींना ते असतं, आणि त्यातल्या बहुतेकींना पत्ता नसतो. शरीरात पुरुषी संप्रेरकं थोडी जास्त होतात. त्यामुळे बारीक लव होती तिथे जाड काळा केस यायला लागतो. हनुवटी, ओठाच्या वर, छातीच्या मधोमध, बेंबीखाली. पाळी लांबते, पुरळ येतं, कुणाकुणाची मान मागून काळी मखमली दिसायला लागते, ती घासून जात नाही. पुढे साखरेचा त्रास व्हायचा संभव वाढतो, मूल राहायला वेळ लागू शकतो. वेळेत कळलं तर या सगळ्यावर उपाय आहेत.

बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं ते आमच्या डोक्यात बसलं. वरून पाट सोडलेला असताना खाली वाफ्यातलं पाणी उपसत बसायचं, तसं हे मशीन. उपसलं तरी भरतंच. पाट आधी आवरायचा. त्याला गोळ्या आहेत, त्या डॉक्टरनेच ठरवायच्या. त्यांचा केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून सोडायच्या नाहीत. चालणं, खाणं, वजन, हेही आलंच.

आणि त्यांनी आणखी एक सांगितलं, जे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. चेहऱ्याच्या कडेला, जबड्यावर, मानेवर असला कमी ताकदीचा उजेड मारला तर कधीकधी उलटं होतं. केस कमी व्हायचे सोडून लव जाड आणि काळी होते. सगळ्यांना होत नाही. पण ज्यांना होतं त्यांत आपल्यासारख्या सावळ्या रंगाच्या आणि संप्रेरकांचा बिघाड असलेल्या बायका जास्त. म्हणजे जिला मशीनची सर्वांत जास्त आस असते तिलाच ते उलटण्याची भीती जास्त.

निघताना बाईंनी सहज विचारलं, 'तोंडाला कोण काय लावतं घरात?' आमच्यातल्या एकीने मान खाली घातली. मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब ती दोन वर्षं लावत होती, वांग जावा म्हणून. रंग उजळला होता खरा, पण कातडी पातळ होऊन लाल दिसायची आणि गालावर लव वाढली होती. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड होतं. अशा ट्यूबा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात, पण मिळतात, पन्नास-साठ रुपयांत, आणि एकीची बघून दुसरी आणते. चेहऱ्यावर अचानक लव वाढली असेल तर ट्यूबचं खोकं दवाखान्यात घेऊन जा. एकदम बंद करू नका, कशी सोडायची तेही विचारा. आणि तसल्या कातडीवर मशीन तर नाहीच.

आता तुम्ही म्हणाल, मग केसांचं करायचं काय? रविवारी पाहुणे येणार आहेत.

रेझर लावा. हो, चेहऱ्यालाही. बायकांच्या चेहऱ्यासाठी लहान रेझर मिळतात, सेलवर चालणारे ट्रिमर मिळतात. रेझरने केस जाड येतो हे आपण आजीपासून ऐकत आलोय. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकेतल्या बाईंनी १९२८ साली दाढीचे केस मोजूनमापून बघितले होते, ना जाडी वाढली ना वेग. कापलेला केस टोकाशी बोथट असतो म्हणून हाताला खरखरीत लागतो, एवढंच. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या अंगावरून डाळीच्या पिठाचा गोळा फिरवतात आणि लव गेली की गोळ्याला श्रेय देतात. ती लव आपसूकच जाणार असते. तसंच हे, उलट्या बाजूने. सोळा-सतरा वर्षांची मुलगी रेझर लावते, त्याच वयात केस जाड व्हायचेच असतात, दोष रेझरवर.

दोरा चालतो, पण ज्यांना सारखं पुरळ येतं किंवा काळे ठिपके पडतात त्यांनी जपून. एपिलेटर म्हणून मिळतो तो एका वेळी पुष्कळ केस उपटतो. पायांना ठीक आहे, दोन ते चार आठवडे निभतं, पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी काढतो. केस आतल्या आत वळून गाठी येत असतील तर तो नको. आणि तो काचेसारखा खरखरीत दगड विकतात ना, घासला की केस गायब म्हणून, तो केस घासून तोडतो आणि सोबत कातडीही घासतो. पायावर हलक्या हाताने एकवेळ चालेल, चेहऱ्याला लावू नका.

दवाखान्यातलं लेझर सावळ्या कातडीसाठीही आहे, त्याचे वेगळे प्रकार असतात. ते कातडीच्या डॉक्टरकडेच करा आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली थोडंसं मारून बघा म्हणावं. तिथेही सहा-आठ वेळा जावं लागतं आणि पीसीओएस असेल तर पुढेही अधूनमधून. पांढऱ्या केसांना उपाय एकच, सुईने विजेचा हलका प्रवाह देऊन एकेक मूळ मारायचं. इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. १८७५ साली एका डोळ्यांच्या डॉक्टरने पापणीचा आत वळलेला केस काढायला ते पहिल्यांदा केलं. वेळखाऊ काम आहे. आमच्या थोरल्या बाईंनी चौकशी केली आणि मग चिमटा घेतला, वीस रुपयांचा.

तरीही कुणाला घरचं मशीन घ्यायचंच असेल तर भांडत नाही. पाय, काखा, केस काळे, कातडी गव्हाळ, तर उपयोग होतो, आमच्या पोस्टातलीला झाला. कातडी ओळखणारा डोळा असलेलंच घ्या. आधी नडगीवर एका चौकोनात मारून दोन दिवस थांबा. तीळ, गोंदण, पुरळ असलेल्या जागी नाही. गरोदरपणी नाही. पुरळासाठी डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. रापलेल्या हातांवर नाही, म्हणजे सुगीत नाहीच.

आमची भाची आता गोळ्या घेते, संध्याकाळी चालायला जाते, पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते. डाग गेले, एक कानाशी राहिलाय, ती तो झाकत नाही. केस अजून येतात, पण कमी. शनिवारी रेझर फिरवते, दहा मिनिटांचं काम. आज हे सगळं सांगायचं की नाही ते तिलाच विचारलं होतं. म्हणाली, 'सांगा. पण मावशी, माझ्या आईनेही ऐकलं पाहिजे.' आई आज ऐकतेय.

आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या मैत्रिणी, तुला आमचा उलटा प्रश्न. पाळी दर महिन्याला येते का? केस हळूहळू आले की सहा-आठ महिन्यांत एकदम? आवाज जाड झालाय का, डोक्यावरचे केस पुढून विरळ झालेत का? एकदम आले असतील, आवाज बदलला असेल तर थांबू नकोस, याच आठवड्यात दाखव. आपल्या ग्रामीण रुग्णालयात बाई डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी असतात, दहा ते एक. सरकारी दवाखान्यात केसपेपरला आता पैसे पडत नाहीत. एकटीला जायचा धीर नसेल तर शुक्रवारी साडेनऊला केंद्राच्या दाराशी ये, आमच्यातली एक थांबलेली असेल. नाव विचारणार नाही.